चंद्रावरचं टेंडर कुणाला लागलं?

मागच्या अंकात मी अमेरिकेच्या ‘आर्टेमिस’ मोहिमेवर लिहिलं होतं. माणूस पुन्हा चंद्रावर उतरवायचा आहे आणि त्याला उतरवणारं यान, म्हणजे लँडर, नासा स्वतः बांधत नाही, कंपन्यांकडून घेते, एवढाच त्या लेखाचा विषय. पत्रं आली ती यानाबद्दल कमी आणि टेंडरबद्दल जास्त. मी एका सरकारी खात्याच्या निविदा शाखेत एकतीस वर्षं काढली, हे संपादकांना ठाऊक आहे. त्यामुळे सगळा गठ्ठा त्यांनी माझ्याकडेच सरकवला.

स्पेसएक्सचा दर सगळ्यात कमी होता म्हणून २०२१ मध्ये काम त्यांना मिळालं, असं तुम्ही लिहिलंत. मग बाकीच्यांनी कोर्टात जायचं कारण काय? आणि नंतर दुसऱ्या कंपनीलाही काम कसं दिलं? मी सरकारी कामं घेतो, मला हे पचत नाही.
— एक कंत्राटदार, इचलकरंजी

माझ्याच वाक्यात घोटाळा झाला, तो आधी निस्तरतो. आपल्याकडे तांत्रिक लिफाफा आधी फुटतो, त्यात पास होणाऱ्यांचेच दराचे लिफाफे उघडतात आणि कमीत कमी दरवाला एल-वन ठरतो. नासाच्या निविदेत तसं नव्हतं. तांत्रिक बाजूला सर्वांत जास्त वजन, त्याखालोखाल किंमत, मग व्यवस्थापन. हे सगळं एकत्र तोलून सही करायची होती एकाच व्यक्तीला, कॅथी ल्यूडर्स यांना. नासाच्या मानवी मोहिमांच्या त्या तेव्हा प्रमुख होत्या.

१६ एप्रिल २०२१ ला निकाल लागला. इलॉन मस्क यांची स्पेसएक्स २८९ कोटी डॉलर. जेफ बेझोस यांची ब्लू ओरिजिन आणि तिच्या भागीदार कंपन्या मिळून ५९९ कोटी. अलाबामातल्या हंट्सव्हिलची डायनेटिक्स ९०८ कोटी. तांत्रिक शेरा पहिल्या दोघींना ‘स्वीकारार्ह’, डायनेटिक्सला ‘काठावर’. व्यवस्थापनात स्पेसएक्सला ‘उत्कृष्ट’, इतर दोघींना एक पायरी खाली. असा तुलनात्मक तक्ता माझ्या टेबलावर आला असता तर टिप्पणी लिहायला अर्धा तास पुरला असता.

त्यामुळे दरावरून भांडण झालंच नाही. ते झालं ‘एकालाच का’ यावरून. एप्रिल २०२० मध्ये प्राथमिक आराखड्यासाठी तिघींनाही पैसे मिळाले होते: ब्लू ओरिजिनला ५७.९ कोटी, डायनेटिक्सला २५.३ कोटी, स्पेसएक्सला सर्वांत कमी, १३.५ कोटी डॉलर. पुढच्या फेरीत निदान दोघी राहतील असं सगळे धरून चालले होते. पण डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकी काँग्रेसनं लँडरसाठी मंजूर केले ८५ कोटी डॉलर. नासानं मागितले होते ३३० कोटी.

चौथा हिस्साच का, हे नीट बघा. आर्टेमिसचं महाकाय रॉकेट एसएलएस आणि त्यावरचं ओरायन यान यांचे पैसे कधी अडले नाहीत. एसएलएसचा कारभार हंट्सव्हिलच्या नासा केंद्रातून चालतो आणि तेव्हा सिनेटच्या खर्च समितीचे अध्यक्ष होते अलाबामाचेच रिचर्ड शेल्बी. रॉकेटच्या मागं कारखाने होते, नोकऱ्या होत्या, मतदार होते. लँडर तेव्हा कागदावर होता आणि कागदाला मतदारसंघ नसतो. २०२२ मध्ये नासाच्या महानिरीक्षकांनी काँग्रेसपुढं सांगितलं, की पहिल्या चार आर्टेमिस मोहिमांत एका उड्डाणाला ४१० कोटी डॉलर पडतात. स्पेसएक्सचं अख्खं लँडर कंत्राट त्यातून भागून वर १२१ कोटी डॉलर शिल्लक राहतील.

आमच्याकडे एका ओढ्यावरच्या पुलाचं काम होतं. अंदाजपत्रक ४० लाखांचं, त्या वर्षीची तरतूद आली ११ लाखांची. साहेबांनी फाइल चाळली आणि म्हणाले, “एल-वनला बोलवा. रेट तोच ठेव म्हणावं, बिलं जरा लांबवून घेशील का विचारा.” ल्यूडर्स यांनी नेमकं हेच केलं. किंमत न बदलता हप्ते तरतुदीत बसतील असे फिरवून द्या, असं स्पेसएक्सला सांगितलं, आणि ते बसले. ब्लू ओरिजिनचं म्हणणं, आम्हालाही विचारायला हवं होतं. तुम्ही सरकारी कामं घेता, म्हणजे दक्षता आयोगाचा दंडक तुम्हाला माहीत असणारच: वाटाघाट करायचीच झाली तर फक्त एल-वनशी.

२६ एप्रिलला ब्लू ओरिजिन आणि डायनेटिक्स या दोघींनी गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसकडे तक्रार केली. ही आपल्या कॅगच्या जातीची संस्था, फक्त ती निविदांच्या तक्रारीही ऐकते. काम थांबलं. ३० जुलैला दोन्ही तक्रारी फेटाळल्या गेल्या. एकाला द्यावं, अनेकांना द्यावं किंवा कुणालाच देऊ नये, हा हक्क नासानं निविदेतच राखून ठेवला होता. उड्डाणापूर्वीच्या काही तपासण्यांच्या अटीत स्पेसएक्सला सूट मिळाल्याची एक चूक मात्र त्यांना सापडली. त्यानं निकाल बदलला नसता, असा शेरा मारून त्यांनी विषय मिटवला. आमच्या भाषेत ऑडिट पॅरा, म्हणजे तपासनिसाचा लेखी आक्षेप, निघाला, वसुली निघाली नाही.

या निकालाच्या चारच दिवस आधी, २६ जुलैला, बेझोस यांनी नासाचे नवे प्रमुख बिल नेल्सन यांना खुलं पत्र लिहिलं. आम्हालाही घ्या, या आणि पुढच्या दोन वर्षांतली २०० कोटी डॉलरपर्यंतची देणी आम्ही सोडून देतो. आठवडाही झाला नव्हता ते स्वतःच्या यानातून अंतराळाच्या काठावर जाऊन आल्याला. ती बातमी वाचताना मला आमच्या व्हरांड्यातलं बाकडं आठवलं. पांढऱ्या सफारीतले एक गृहस्थ लिफाफे फुटल्याच्या दुसऱ्या दिवशी तिथं येऊन बसत. मांडीवर पिशवी, पिशवीत लेटरहेडवर टाइप केलेलं पत्र: ‘आम्ही आमचा दर आठ टक्क्यांनी कमी करण्यास तयार आहोत.’ असं पत्र बारनिशीत नोंदवून घ्यायचं, फाइलला लावायचं आणि त्यावर काही करायचं नाही, हे मला नोकरीच्या पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. वॉशिंग्टनमध्येही बहुधा कुणीतरी त्याची आवक नोंद करून घेतली असावी.

ऑगस्टमध्ये ब्लू ओरिजिन कोर्टात गेली, ४ नोव्हेंबरला तिथंही हरली. नेल्सन यांनी लगेच पत्रकारांना सांगितलं, की या भांडणात जवळजवळ सात महिने गेले.

आता दुसऱ्या कामाचं. ब्लू ओरिजिनचं मुख्यालय वॉशिंग्टन राज्यातल्या केंट गावी, आणि त्या राज्याच्या सिनेटर मारिया कँटवेल तेव्हा सिनेटच्या वाणिज्य समितीच्या अध्यक्ष. नासाचं धोरण याच समितीपुढं येतं आणि नासाच्या प्रमुखपदाचा उमेदवारही. ल्यूडर्स यांच्या निकालानंतर पाचच दिवसांनी नेल्सन या समितीपुढं उभे होते. लँडरच्या स्पर्धेचं काय करणार याचा आराखडा द्या, असं कँटवेल यांनी त्यांच्याकडून तिथंच वदवून घेतलं. मग एका मोठ्या विधेयकात दुसऱ्या लँडरची तरतूद घुसवली, १,००० कोटी डॉलरची. सिनेटर बर्नी सँडर्स खवळले. बेझोस यांना सरकारी खैरात कशाला, असा त्यांचा सवाल होता. सिनेटनं ते मंजूर केलं, पण अंतिम कायद्यात तो आकडा उरला नाही. उरला तो दबाव. मार्च २०२२ मध्ये नासानं दुसऱ्या लँडरसाठी नवी स्पर्धा जाहीर केली आणि मे २०२३ मध्ये ब्लू ओरिजिनला ३४० कोटी डॉलरचं काम मिळालं. अटी वेगळ्या होत्या आणि त्याहून जास्त पैसे आम्ही आमच्या खिशातून घालू असं कंपनीनं सांगितलं होतं, त्यामुळे ५९९ शी त्याची सरळ तुलना करू नका.

माझं मत विचाराल तर दुसरा लँडर हवाच होता. एकाच ठेकेदाराच्या जिवावर एवढं काम सोडणं मला कधीच पटलं नसतं. पण ते पहिल्याच दिवशी पुरेसे पैसे देऊन करता आलं असतं.

निविदेत लुडबुड केली म्हणून नासाच्या एखाद्या मोठ्या अधिकाऱ्याची नोकरी गेल्याचं ऐकिवात आहे का?
— निवृत्त मुख्याध्यापिका, चिपळूण

आहे, आणि तेही याच लँडरच्या निविदेत. बाई, नासाच्या मानवी मोहिमांच्या प्रमुखाच्या खुर्चीचा इतिहास आधी ऐका. मार्च २०१९ मध्ये उपराष्ट्राध्यक्ष माइक पेन्स यांनी हंट्सव्हिलला जाऊन जाहीर केलं, की पाच वर्षांत, म्हणजे २०२४ पर्यंत, माणूस चंद्रावर. जुलैत नासाप्रमुख जिम ब्रायडनस्टाइन यांनी मानवी मोहिमांचे जुने, मुरलेले प्रमुख बिल गर्स्टनमायर यांना बाजूला केलं. डिसेंबरात डग लव्हेरो त्या जागी आले आणि मे २०२० मध्ये त्यांनी राजीनामा दिला. अमेरिकेच्या भूमीवरून नऊ वर्षांनी अंतराळवीर उडायला तेव्हा जेमतेम आठवडा उरला होता, आणि उड्डाणाच्या तयारीवर सही याच साहेबांची लागणार होती.

सहकाऱ्यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी एवढंच म्हटलं, की कामासाठी गरजेची वाटली म्हणून एक जोखीम घेतली, ती चूक होती. पुढं वृत्तपत्रांत आलं ते असं: लँडरच्या निविदेत बोइंग मागं पडतंय हे त्यांनी बोइंगच्या माणसाच्या कानावर घातलं, त्यानंतर बोइंगनं मुदत टळल्यावर प्रस्ताव सुधारून पाठवला आणि नासातल्याच लोकांनी ते प्रकरण महानिरीक्षकांकडं नेलं. म्हणजे खालच्या टेबलांनी आपलं काम चोख केलं. हे वाचून मला फार बरं वाटलं.

लव्हेरो गेले, त्यांच्या जागी आल्या ल्यूडर्स. वर्षभरानं लँडरचा निकाल त्यांनी दिला. आणि त्या निकालाला सहा महिने व्हायच्या आत नेल्सन यांनी तो विभागच दोन तुकड्यांत वाटला. चंद्राचं काम दुसऱ्या अधिकाऱ्याकडं गेलं, ल्यूडर्स यांच्याकडं अंतराळस्थानकासारखी चालू कामं राहिली. कारण म्हणून कामाचा व्याप सांगितला गेला. निवृत्तीनंतर त्या स्पेसएक्समध्ये गेल्या. गर्स्टनमायर त्यांच्या आधीच तिथं पोचले होते.

त्यांचा निकाल मी दोनदा वाचलाय, मला त्यात वावगं दिसलं नाही. तरीही ज्याला काम दिलं त्याच्याच दारात पुढं नोकरीला जाणं मला खटकतं. आमच्यातले काही जण निवृत्तीनंतर कंत्राटदारांचे ‘सल्लागार’ झाले. लग्नाकार्यात भेटले की मी त्यांच्याशी हवापाण्याचं बोलतो.

नासाचा प्रमुख आधी ठरवला, मग काढला, मग तोच परत नेमला. हा पोरखेळ आहे की यामागं काही हिशेब आहे?
— एक वाचक, डोंबिवली

हिशेब आहे, पण एकाच माणसाचा नाही, म्हणून पोरखेळ वाटतो.

जॅरेड आयझॅकमन यांचा धंदा पैशांच्या इलेक्ट्रॉनिक व्यवहारांचा. स्पेसएक्सच्या यानातून स्वखर्चानं दोनदा अंतराळात जाऊन आलेत. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रम्प यांनी त्यांचं नाव जाहीर केलं तेव्हा इलॉन मस्क त्यांच्या उजव्या हाताला होते. एप्रिलमधल्या सुनावणीत सिनेटर एड मार्की यांनी एकच प्रश्न घुमवून-फिरवून विचारला: ट्रम्प यांनी तुमची मुलाखत घेतली तेव्हा मस्क खोलीत होते का? आयझॅकमन दरवेळी सांगत राहिले, माझी भेट राष्ट्राध्यक्षांशी होती. हो नाही, नाही नाही. साक्षीच्या पिंजऱ्यातली ही अदा मी आमच्या चौकश्यांत फार पाहिली.

३० मे २०२५ ला व्हाइट हाउसमध्ये मस्क यांना निरोप दिला गेला. ३१ मेला आयझॅकमन यांचं नाव मागं घेतलं. सिनेटचं मतदान काही दिवसांवर होतं. कारण सांगितलं ते ‘पूर्वीचे संबंध’, म्हणजे डेमोक्रॅट पक्षाला दिलेल्या देणग्या. त्या देणग्यांचे कागद ट्रम्प यांच्यापुढं ठेवणारा माणूस म्हणून बातम्यांत नाव आलं सर्जियो गोर यांचं. व्हाइट हाउसच्या नेमणुका ते बघत आणि मस्क यांच्याशी त्यांचं वाकडं होतं. मस्क यांनी त्यांना जाहीरपणे साप म्हटलं. हेच गोर पुढं भारतातले अमेरिकेचे राजदूत म्हणून नेमले गेले, एवढं आपल्यासाठी.

जुलैत नासाची खुर्ची हंगामी म्हणून वाहतूकमंत्री शॉन डफी यांना जोडकाम दिली. अतिरिक्त कार्यभारवाला साहेब एकतर कशावर सहीच करत नाही, नाहीतर भलत्या ठिकाणी करतो. २० ऑक्टोबरला डफी टीव्हीवर म्हणाले, स्पेसएक्स मागं पडलीय, चीनच्या आधी पोचायचंय, मी लँडरचं कंत्राट इतरांना खुलं करतो. मस्क बिथरले. डफी तरुणपणी लाकूडतोड्यांच्या स्पर्धेत झाडावर भराभर चढण्यात पटाईत. ज्याची कीर्ती झाडावर चढण्याची, त्यानं अमेरिकेचा अंतराळ कार्यक्रम चालवावा का, असा कौल मस्क यांनी लोकांकडं मागितला. याच सुमारास नासाच्या फेररचनेचा आयझॅकमन यांनी केलेला ६२ पानी आराखडा फुटला आणि कुठल्या केंद्राचं काम जाणार यावरून सिनेटर सावध झाले. मस्क आणि ट्रम्प यांची दिलजमाई एव्हाना होत आली होती. ४ नोव्हेंबरला आयझॅकमन यांचं नाव परत आलं आणि १७ डिसेंबरला सिनेटनं ६७ विरुद्ध ३० मतांनी ते मंजूर केलं.

या सगळ्यात शांतपणे काम साधलं ते टेक्सासचे सिनेटर टेड क्रूझ यांनी. तिसऱ्या आर्टेमिस मोहिमेनंतर एसएलएस बंद करावं असा व्हाइट हाउसचा प्रस्ताव मेमध्ये आला होता. ४ जुलैला ट्रम्प यांनी सही केलेल्या मोठ्या कायद्यात क्रूझ यांनी नासासाठी जवळपास १,००० कोटी डॉलर घातले, त्यातले बरेचसे त्याच एसएलएसच्या पुढच्या उड्डाणांना आणि चंद्राभोवतीच्या स्थानकाला. नासाप्रमुखाच्या खुर्चीत तेव्हा कोण होतं, हे त्यांना विचारावंही लागलं नाही.

काका, आपल्या इस्रोत असं होतं का?
— बारावीची विद्यार्थिनी, फोंडा

इस्रोच्या अध्यक्षाचं नाव पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालची मंत्रिमंडळाची नियुक्ती समिती ठरवते. जाहीर सुनावणी नाही, संसदेत मतदान नाही. जानेवारी २०२५ मध्ये सोमनाथ गेले, नारायणन आले, दोघंही संस्थेतच मुरलेले. लँडरही इस्रोनं स्वतः बांधला. भाग मात्र बाहेरून येतात: विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात रॉकेटची ‘विकास’ इंजिनं बनतात, इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला रॉकेटची आवरणं. त्यामुळे अख्खा लँडर कुणाला द्यायचा हे भांडण आपल्याकडं उभंच राहत नाही. पण आत काय वाद होतात ते आपल्याला कळायची सोयही नाही. मार्कींसारखा कुणी एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतोय, हे दृश्य मला आपल्याकडं बघायला आवडेल.

२०२८ ला खरंच उतरतील का? तारखा सारख्या बदलतात.
— एक वाचक, नाशिक

आधी २०२४ होतं, आता ट्रम्प यांच्या डिसेंबर २०२५ मधल्या आदेशात २०२८ आहे. दोन्ही आकडे अध्यक्षीय कारकिर्दीच्या शेवटच्या वर्षाचे आहेत, तेव्हा तारीख अभियंत्यांनी काढली असेल असं समजू नका.

अभियंत्यांपुढचं काम वेगळंच आहे. स्पेसएक्सच्या स्टारशिप यानाचा लँडर पृथ्वीच्या कक्षेत गेला की त्यात टँकर यानांनी इंधन भरायचं, आणि असे दहाहून जास्त टँकर लागतील असा अंदाज आहे. २०२५ च्या ऑक्टोबरपर्यंत स्टारशिपची अकरा चाचणी उड्डाणं झाली, पण एका यानातून दुसऱ्यात इंधन तोवर एकदाही भरलेलं नव्हतं. चीननं ऑगस्टमध्ये हेबेई प्रांतात आपल्या लँडरची उतरण्याची आणि उडण्याची चाचणी घेतली. त्यांची मुदत २०३० ची आहे आणि ती त्यांनी अजून हलवलेली नाही.

शेजारच्या कुलकर्ण्यांशी मी हापूसच्या एका पेटीची पैज लावलीय. ३१ डिसेंबर २०२८ च्या रात्री बारापर्यंत अमेरिकन माणूस चंद्रावर उतरला तर पेटी माझ्याकडून. त्यांनी ती वहीत लिहून माझी सही घेतली आहे.